ईसीएम गेला म्हणण्याआधी या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं तेव्हा तिथल्या अकोटा भागातल्या आमच्या काकांची गाडी सीटपर्यंत बुडाली. गाळ काढून वाळवली, तरी सुरू होईना. एका गॅरेजवाल्याने दोषाचे कोड दाखवणारा स्कॅनर लावला आणि सांगून टाकलं, "काका, ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. नवाच टाकावा लागेल." दुसऱ्याने आधी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर उघडली. टोक हिरवं पडून खाल्लं गेलं होतं. ते बदललं आणि गाडी सुरू झाली. काका नव्या ईसीएमचे पैसे भरायच्या बेतात होते, हे आठवलं की आजही जीव खालीवर होतो.

स्कॅनरवरचा कोड म्हणजे निदान नव्हे. यू ०१०० याचा अर्थ ईसीएमशी संपर्क होत नाही, एवढाच. फ्यूज, मेन रिले (ईसीएमला वीज देणारा स्विच) किंवा अर्थिंग गेलं तरी तो येतो. पी ०६०६ हा प्रोसेसरचा कोड, पण तोही बॅटरी आणि सप्लाय तपासल्याशिवाय खरा मानू नका. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली जात असेल, तर आधी बॅटरी बघा. आणखी एक फसवा दोष: एखादा सेन्सर शॉर्ट झाला की सेन्सरांना वीज देणारी ५ व्होल्टची लाइनच बसते आणि एकदम चार सेन्सर खराब दिसतात. सेन्सरचे प्लग एकेक काढत जा. व्होल्टेज परत आलं की चोर सापडला.

एवढं करूनही दोष आतच निघाला, तर दुरुस्ती परवडते का? पुष्कळदा परवडते. ठिणगी पाडणारी कॉइल किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जळणं, कपॅसिटर फुगणं, सोल्डर सुटणं ही कामं चांगला कारागीर करतो. जुन्या मॉडेलचा नवा ईसीएम मिळतच नसेल, तर दुसरा मार्गही फारसा उरत नाही. प्रोसेसर जळला असेल किंवा बोर्डाच्या आतल्या थरांत गंज उतरला असेल, तर मात्र पैसे घालू नका. महिन्या-दोन महिन्यांनी तोच त्रास पुन्हा सुरू होतो. काय बदललं, गाडीत बसवण्याआधी बेंचवर चालवून पाहिलं का आणि गॅरंटी किती, हे तीन प्रश्न विचारा. "सगळं ठीक केलंय" एवढंच उत्तर आलं, तर डबा उचलून घरी या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर बदलायचा आणि तो जाळणारी शॉर्ट कॉइल तशीच ठेवायची. दुरुस्त केलेला ईसीएम पहिल्याच फेरीत पुन्हा जातो. दोष कारागिराला लागतो, चूक मात्र कॉइल न तपासणाऱ्याची असते.

गाडी पाण्यात गेली असेल तर चावी फिरवूच नका. ओल्या बोर्डात करंट गेला की गंज झपाट्याने वाढतो, आणि सिलिंडरमध्ये पाणी असेल तर सेल्फ मारताच इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत ईसीएमचं झाकण कुणाला उघडू देऊ नका.

भंगारातून त्याच मॉडेलचा ईसीएम आणला तरी इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) जुळत नाही, म्हणून बहुतेक गाड्या सुरूच होत नाहीत. गाडीतल्या मूळ ईसीएमचा डेटा आणलेल्यात उतरवावा लागतो. त्यामुळे मेलेला ईसीएम गॅरेजात सोडून येऊ नका, मागून घ्या.