वाकडं बसवलं की चालतं : मुलांच्या 'करून पाहा' पुस्तकांसाठी वीस मिनिटांचा विनोदी प्रयोग

मोटार, सेल, एलईडी, पुठ्ठा असला खटाटोप शिकवणारं पुस्तक मुलांसमोर धरून "हे खूप छान पुस्तक आहे, नक्की वाचा" म्हटलं की पुस्तक तिथंच मेलं. हे पुस्तक पाकशास्त्रासारखं असतं. पदार्थ करपल्याशिवाय कुणी पान उलटून बघत नाही. म्हणून प्रयोग बसवताना आधी ठरवायचं ते हे की काय बिघडवायचं. बिघाड हाच विनोद आणि तोच पुस्तक उघडायचं कारण.

त्यासाठीचा साचा सांगलीकरांच्या घरातलाच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या परंपरेतल्या नाटकांत सूत्रधार आणि विदूषक अशी जोडी असे. एकाला सगळं ठाऊक, दुसरा प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारा. आपल्याला तेवढीच दोन माणसं पुरतात. फरक इतकाच की सूत्रधार पाचवी-सहावीतलं पोर असावं आणि विदूषक मोठा माणूस. पोराच्या हातात पुस्तक आणि 'आबां'च्या हातात पक्कड. मोठ्या माणसाचं चुकतंय आणि पोराला कळतंय, हे उलटं झालं की पहिल्या रांगेतली मुलं आपणहून पुढं सरकतात.

वस्तू कोणती निवडावी

वस्तू हलणारी हवी, आवाज करणारी हवी आणि बिघडली तर का बिघडली हे लांबून दिसायला हवं. एलईडी पेटवण्याचा प्रयोग घरी उत्तम, पण मंचावर फुसका ठरतो, कारण तिसऱ्या रांगेत काही दिसत नाही. लिंबाच्या सेलचं तर नावच नको. एका लिंबाला तांबं-जस्त लावून जेमतेम एक व्होल्ट मिळतो, तीन-चार लिंबं ओळीनं जोडली तरी लाल एलईडी मिणमिणतो, आणि सभागृहात उजेड असला की तोही दिसत नाही.

सगळ्यांत भरवशाचा म्हणजे चित्र काढणारा कप. सामान असं : २५० मिलीचे दोन कागदी कप, खेळण्यातल्या गाडीतली ३ व्होल्टची मोटार, दोन पेन्सिल सेल (जाडे, 'एए' मापाचे), स्विच असलेला सेल-होल्डर, तीन स्केचपेन, एक लांबट खोडरबर, चिकटपट्टी आणि ग्लू गन. हे सगळं कऱ्हाड, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) इथल्या इलेक्ट्रिकल आणि स्टेशनरीच्या दुकानांत मिळतं. ऑनलाइन मागवायला लागेल असा एकही भाग असू नये, कारण मुलाला तो उद्याच हवा असतो.

एका कपात दुसरा घाला. एकच कप थरथरून तासाभरात मऊ पडतो. कप पालथा ठेवून बुडावर, म्हणजे आता वरच्या बाजूला, मोटार दांडी वर करून उभी चिकटवा. इथं ग्लू गनच हवी, दुहेरी चिकटपट्टी थरथरीनं पाच मिनिटांत सुटते. सेल-होल्डर कपाच्या आत वरच्या भागाला चिकटवा आणि स्विच बाहेर काढा. तिन्ही स्केचपेन बाहेरून सारख्या अंतरावर, कडेच्या खाली तीन-चार सेंटिमीटर येतील असे बांधा. पालथा कप खाली रुंद असल्यामुळं पाय आपोआप फाकतात, ते सरळ करायला जाऊ नका.

आता खोडरबर. तीन सेंटिमीटर लांब, एक रुंद असा तुकडा कापा. दाभणानं दोन भोकं पाडा, एक बरोबर मध्ये, दुसरं टोकापासून पाच मिलिमीटरवर. मग मधल्या भोकात सुई घालून तुकडा आडवा लोंबकळत ठेवा. ज्या बाजूला झुकेल तिथून ब्लेडनं किंचित तासा, तो आडवा स्थिर राहीपर्यंत. एवढी कटकट का, ते पुढं येतंच. भोक दांडीपेक्षा बारीकच ठेवा. सैल पडलं तर खोडरबर प्रेक्षकांत उडतो, आणि हशा आला तरी तो आपल्याला नको तिथं आलेला असतो. फेव्हिक्विक लावायचा मोह होईल, पण लावू नका, मंचावर खोडरबर काढून पुन्हा बसवायचा आहे.

तीन चुका, याच क्रमानं

पहिली : दोनपैकी एक सेल उलटा. दीड उणे दीड, बाकी शून्य. स्विच दाबला, काहीच नाही. दुसरी : सेल सरळ केला, पण खोडरबर मधल्या भोकात. मोटार गरगरते, गुणगुणते, कप मात्र जागच्या जागी. तिसरी : खोडरबर टोकाच्या भोकात घातला, कप थरथरत चालायला लागला, पण कागद कोरा, कारण स्केचपेनांची टोपणं काढलेलीच नाहीत.

क्रम बदलू नका. प्रत्येक चुकीनंतर वस्तू एक पायरी पुढं सरकलेली दिसली पाहिजे : आधी मेलेली, मग जिवंत पण अडलेली, मग चालणारी पण मुकी. क्रम विस्कटला की हशा येतो, पण 'आता होणार' ही धाकधूक येत नाही. आणि टोपणं पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना दिसत असतात. मुलं दुसऱ्या चुकीलाच "टोपण! टोपण काढा!" ओरडायला लागतात. आबांनी तेव्हा काय करायचं? कानाला हात लावायचा, "टोपी व्हय?" म्हणायचं आणि डोक्यावरची गांधी टोपी काढून नीट घडी करून खिशात ठेवायची. हे एकदाच. मुलं आणखी मोठ्यानं ओरडतील म्हणून पुन्हा केलं तर गंमत विटते. टोपी परत डोक्यावर चढते ती अगदी शेवटी, कपानं पहिली रेघ ओढल्यावर, एकही शब्द न बोलता.

मधल्या चुकीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा, कारण विज्ञान तिथंच आहे. आबांचा हट्ट असा की वस्तू मधोमध, सरळच बसली पाहिजे, आयुष्यभर तसंच केलं. पुस्तक म्हणतं कडेला बसव. खोडरबराचं वजन दांडीच्या एकाच बाजूला गेलं की फिरताना ते कपाला दर फेरीत चारी बाजूंना ओढतं, म्हणून कप हलतो. वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एकीकडं गोळा झाली की मशीन दाणदाण नाचतं, तोच प्रकार. हे समजावून सांगायचं वाक्य एकच ठेवा आणि ते पोराच्या तोंडी द्या. मधल्या भोकाचा समतोल आधी नीट साधला नसेल तर कप तेव्हाच थोडा थोडा चालू लागतो आणि चूक चूक वाटतच नाही. तासण्याची कटकट यासाठी.

संवाद

या भागात 'मोटार' म्हटलं की विहिरीवरची. तो गैरसमज फुकट मिळालाय, वापरा.

"आबा, मोटार बसवली."
"किती एचपीची?"
"तीन व्होल्टची."
"तीन व्होल्टवर पाणी कुठवर जायचं रं?"
"पाणी न्हाई आबा, ही चित्रं काढती."
"आन् बिल?"

शेवटच्या ओळीकडं बघा. पहिल्या कच्च्या मसुद्यात ती साधारण अशी येते : "मग या चित्रांचं बिल कुणी भरायचं?" वाक्य बरोबर आहे, पण हशा 'बिल'ला सुरू होतो आणि 'कुणी भरायचं'खाली चिरडला जातो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं हशाचा शब्द सवयीनं आधी पडतो. उपाय दोन : क्रियापद गाळा, नाहीतर शब्दांची जागा फिरवा. लिहिलेली प्रत्येक विनोदी ओळ मोठ्यानं म्हणा आणि हशाच्या शब्दानंतर उरलेलं सगळं खोडा. तीन शब्दांपेक्षा जास्त खोडावं लागलं तर ओळच नव्यानं लिहा.

"तीन व्होल्टची"नंतर आबांनी मनात तीन आकडे मोजायचे. नवखे नट हा विराम अर्ध्यावर सोडतात, शांततेची भीती वाटते म्हणून. पोराच्या भूमिकेतल्याला एकच सूचना : हसायचं नाही. त्याला ही सगळी गंभीर कामं वाटली पाहिजेत.

बोली सांगली-साताऱ्याची असू द्या, पण हसू बोलीवर येता कामा नये. आबा 'न्हाई' म्हणतात म्हणून हसू आलं तर प्रयोग फसला. हसू यायला हवं ते त्यांच्या हट्टावर. आबांना मूर्खही करू नका. पाच एचपीची मोटार डोळे मिटून खोलणारा माणूस तीन व्होल्टपुढं अडतो, यात मजा आहे.

एक पथ्य कडक : स्टार्टर, फ्यूज, घरातला प्लग यांच्याशी खेळण्याचा एकही विनोद नको, बोलण्यातही नको. मुलं बघतात ते घरी करतात. तसंच बटन सेल वापरलेली वस्तू टाळा. तो चपटा सेल धाकट्या भावंडानं गिळला तर अन्ननलिका जळते आणि जिवावर बेततं. पेन्सिल सेल त्या मानानं निर्धोक.

पुस्तक कधी दिसावं

सुरुवातीला नाही. पहिल्या चुकीनंतर पोरगा ते दप्तरातून काढतो आणि एकच ओळ वाचतो. दुसऱ्या चुकीनंतर पुन्हा एकच ओळ. तिसऱ्यांदा आबा त्याच्या हातातून पुस्तक ओढून स्वतः वाचतात. एवढंच. किंमत, प्रकाशक, सवलत मंचावर उच्चारायची नाही. पानं आधीच रंगीत पट्ट्या लावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पान शोधण्यात लय जाते.

कप चालला, टाळ्या झाल्या की पोरानं एक प्रश्न टाकायचा : "आबा, एक पाय आखूड केला तर?" उत्तर द्यायचं नाही. कप आणि पुस्तक, दोन्ही त्या पानावर उघडं ठेवून टेबलावर सोडा आणि बाजूला व्हा. मुलांचे हात लागू द्या. एक कप मोडणार हे धरूनच दुसरा तयार ठेवा.

पुस्तक निवडताना सामानाची यादी आधी तपासा. परदेशी पुस्तकांच्या अनुवादात इंच आणि इथं न मिळणाऱ्या वस्तू राहून जातात. त्याची एक चिठ्ठी करून मलपृष्ठाच्या आत ठेवा : पॉप्सिकल स्टिकऐवजी आईस्क्रीमची काडी, असं. पानांच्या झेरॉक्स वाटू नका, आणि व्हिडिओत पानं दाखवायची असतील तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. प्रती 'विकल्या तर पैसे, नाहीतर परत' या बोलीवर मागवा, पहिल्यांदा दहाच.

शाळेत मुलांकडं पैसे नसतात आणि असूही नयेत. त्यांच्या हातात पाव पानाची चिठ्ठी द्या, एका बाजूला सामानाची यादी, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचं नाव, किंमत आणि जवळचं दुकान किंवा वाचनालय. यादी असल्यामुळं ती कागदाच्या विमानात जात नाही, आईपर्यंत पोचते. शाळेच्या ग्रंथालयासाठी एक प्रत मुख्याध्यापकांकडं ठेवा. व्हॉट्सअॅपसाठी तीस सेकंदांची चित्रफीत पुरे, ती दुसऱ्या चुकीवर, मोटार गुणगुणत असतानाच तोडा. मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीशिवाय नकोत. पाठीमागून चित्रण करा.

वेळ आणि जागा

जिल्हा परिषदेच्या शाळांत आनंददायी शनिवार सोयीचा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव यांसाठी महिनाभर आधी बोलून ठेवा. सांगलीत ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनालाही हा प्रयोग शोभतो. मात्र दिवाळीची सुट्टी आड येते का ते बघा.

साठच्या वर मुलं असतील तर कप टेबलावर नको. रिकामं मोठं खोकं पालथं घाला, त्यावर चार्ट पेपर ताणून चिकटवा आणि त्यावर कप चालवा. खोकं पोकळ असल्यामुळं गुरगुर मागच्या रांगेपर्यंत जाते. हातातला माईक चालत नाही, दोन्ही हात कामात असतात. कॉलर माईक नसेल तर माईक स्टँडला लावून खोक्याकडं वळवा.

भिलारला, पाचगणीजवळच्या पुस्तकांच्या गावात, पुस्तकं घराघरांत मांडलेली आहेत, २०१७च्या मे महिन्यापासून. तिथं दहा-बारा जणांसमोर ओटीवर करायचं तर आवाज निम्मा करा आणि टोपीचा विनोद मोठ्या हावभावांशिवाय करा. आधी घरमालकांना विचारा. विक्री तिथं करू नका, तिथं लोक वाचायला येतात. आणि पावसाळ्यात त्या पट्ट्यात जाऊच नका : धुक्यानं चार्ट पेपर ओलसर होतो, शाई पसरते, चिकटपट्टी सुटते.

आवरताना खोडरबर वाकडा न ओढता सरळ वर उपसा, नाहीतर मोटारच कपापासून निघते. सेल काढून वेगळे ठेवा. ते होल्डरमध्ये राहिले आणि पिशवीत स्विच दाबला गेला तर पुढच्या प्रयोगाला पहिली चूक खरीच होते. आणि टोपणं न विसरता लावा. शाई सुकते म्हणून तर खरंच, पण पुढच्या शाळेत ती लागणार आहेत.