सोबत्याच्या छायाचित्रावर अभिप्राय देताना

छंद म्हणून छायाचित्रण करणाऱ्या सोबत्याने आपला फोटो पुढे केला की आपल्या तोंडून सहसा आधी निकालच बाहेर पडतो: छान आहे, जमले नाही, जरा अंधारलेला वाटतो. असा निकाल ऐकून समोरच्याला बरे किंवा वाईट वाटते. पुढच्या वेळी कॅमेरा हातात घेतल्यावर वेगळे काय करायचे, हे मात्र त्याला कळत नाही. म्हणून निकाल थोडा लांबवावा आणि आपल्याला काय दिसले, ते आधी सांगावे.

त्यासाठी निदान अर्धा मिनिट काही न बोलता फोटो पाहावा. नजर प्रथम कुठे गेली, तिथून कुठे सरकली आणि कुठे अडखळली, याची मनात नोंद घ्यावी. चौकटीच्या चारही कडांवरून एकदा सावकाश नजर फिरवावी, कारण अर्धवट कापलेले पाऊल किंवा कोपऱ्यातून डोकावणारी फांदी फोटो काढणाऱ्याच्या लक्षात क्वचितच आलेली असते. मग, ‘माझी नजर आधी मागच्या पांढऱ्या भिंतीवर गेली, आजींच्या चेहऱ्यावर ती नंतर आली,’ असे सांगता येते. या वाक्यावर वाद होत नाही, कारण ती आपली नजर आहे. आणि ती आधी चेहऱ्यावर जायला हवी होती की नाही, हे फोटो काढणारा स्वतः ठरवू शकतो.

दोष सांगण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: यात तुम्हाला काय दाखवायचे होते? मावळत्या उजेडासमोरची माणसाची काळी आकृती मुद्दाम टिपलेली असेल, तर ‘चेहरा दिसत नाही’ हा शेरा वाया जातो. कॅमेरा कोणता, हा प्रश्न मात्र शेवटी विचारला तरी चालतो, आणि बहुतेक वेळा तो विचारावाच लागत नाही.

‘फोटो शार्प नाही’ हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आणि माझ्या मते सर्वांत निरुपयोगी शेरा आहे, कारण अस्पष्टतेची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. फांदीवरून उडण्याच्या बेतात असलेल्या पक्ष्याचा फोटो समोर आहे, असे समजा. पक्षी, फांदी आणि पाने सगळीच एका दिशेने फराटली असतील आणि पानांवरच्या चकाकत्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्या असतील, तर कॅमेरा धरलेला हात हलला आहे. फांदी रेखीव असून पंख तेवढे पुसट असतील, तर पक्षी हलला आहे. पक्षी पुसट, पण त्याच्या पुढचे किंवा मागचे पान रेखीव असेल, तर फोकस चुकला आहे. पहिल्या प्रकारात, हातात धरून टिपताना शटरचा वेग (ते किती वेळ उघडे राहते) लेन्सच्या फोकल लांबीच्या, म्हणजे लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या, हिशेबात ठेवण्याचा जुना ठोकताळा सांगावा, म्हणजे २०० मिमीच्या लेन्सला निदान १/२०० सेकंद. दुसऱ्या प्रकारात तिपाई असूनही उपयोग होत नाही. तिथे १/१००० सेकंद किंवा त्याहूनही जलद शटर लागते. तिसऱ्या प्रकारात फोकसचा बिंदू डोळ्यावर ठेवण्याचे सुचवावे आणि गरज वाटल्यास अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र, लहान करायला सांगावे, म्हणजे स्पष्ट येणारा पट्टा रुंदावतो. व्यक्तिचित्रांत तर हा पट्टा किती अरुंद असतो ते फारच जाणवते: फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीच्या लेन्सने, एफ/१.८ इतक्या मोठ्या अ‍ॅपर्चरला, दीड मीटरवरून टिपले की जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, त्यामुळे पापण्या रेखीव असल्या तरी कान विरघळतात.

उजेडाविषयी बोलताना आपल्या पडद्यावर फार विसंबू नये. ब्राइटनेस कमी ठेवलेल्या मोबाइलवर चांगला फोटोही काळवंडलेला दिसतो, म्हणून शक्य असल्यास हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद आणि उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख, पाहावा. आकाश पार पांढरे होऊन त्यातला तपशील हरवला असेल, तर तो नंतर आणता येत नाही. सावलीतला तपशील मात्र, विशेषतः रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये), बराच वर काढता येतो. अभिप्रायात हा फरक सांगावा: कलते क्षितिज किंवा पिवळट झाक आज बसल्या जागी सुधारता येते, पण डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा मागचा खांब टाळायचा तर टिपतानाच एक पाऊल बाजूला सरकावे लागते.

आवडीचे मुद्दे आवडीचे म्हणूनच मांडावेत. ‘मी असतो तर डावीकडून कापले असते,’ असे म्हणून थांबण्यापेक्षा डावीकडचा भाग हाताने झाकून दाखवावा आणि काय बदलते, ते दोघांनी मिळून पाहावे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात पाण्यावरून उडी मारणारा माणूस पुसटच आहे. आणि क्रॉप करणे सहसा टाळणाऱ्या या छायाचित्रकाराने त्या फोटोची डावी बाजू मात्र कापली होती. पुसटपणा हा दरवेळी दोष नसतो आणि कात्रीही निषिद्ध नसते, हे या एकाच चित्रात दिसते.

एका बैठकीत दोन मुद्दे पुरेत. दहा दोष मोजून दाखवणाऱ्याचा अभ्यास दिसतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कौतुकही नेमके असावे: ‘खिडकीचा उजेड गालावर जिथे संपतो तिथेच सावली हलकेच सुरू होते, ते छान साधले आहे,’ असे ऐकले की तो उजेड पुन्हा शोधता येतो. नवख्याने केवळ आनंदाने फोटो दाखवला असेल आणि मत मागितले नसेल, तर आनंदात सहभागी व्हावे आणि दोष मनातच ठेवावेत. सुचवलेला बदल करून कोणी पुन्हा फोटो आणला, तर जुना आणि नवा शेजारी ठेवून आधी तोच एक बदल पाहावा. नवे दोष काढायला त्यानंतरही वेळ असतो.