फाटकावरची पाटी आणि दहा टक्के जागा

पुण्याहून इंग्लंडला आलो तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती. घराजवळच्या एका शाळेच्या फाटकावर 'लँग्वेज कॉलेज' लिहिलेलं होतं. कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं, असं समजून मी पुढे गेले. प्रत्यक्षात ती अकराव्या वर्षी प्रवेश मिळणारी माध्यमिक शाळा होती.

१९९० च्या दशकात इथल्या सरकारने माध्यमिक शाळांना एकेका विषयात विशेष दर्जा द्यायला सुरुवात केली. आधी तंत्रज्ञान, मग भाषा, कला, क्रीडा, पुढे विज्ञान, गणित आणि संगीतही. त्यासाठी शाळेने प्रायोजक गाठायचे आणि सरकारने जादा अनुदान द्यायचं. २०११ मध्ये ती योजना संपली, पण काही शाळांनी नावं तशीच ठेवली. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा थेट विचारा: या विषयाला आठवड्यात किती तास? जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, त्यातले कोणते पर्याय? शिकवणारे कायमचे आहेत का?

विशेष विषय असलेली शाळा दहा टक्क्यांपर्यंत जागा त्या विषयाचा कल बघून भरू शकते. इथे आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. या जागा खेळ, संगीत-नाटक, चित्रकला, परदेशी भाषा अशा मोजक्या विषयांसाठीच असतात, गणित-विज्ञानासाठी नाहीत. मूल गणितात रमत असेल तर सोळाव्या वर्षापर्यंत थांबा. लंडनच्या किंग्ज कॉलेज या विद्यापीठाची आणि एक्सेटर शहरातली गणित शाळा, दोन्ही २०१४ मध्ये सुरू झालेल्या, त्या वयापासून पुढच्या मुलांसाठी आहेत.

माध्यमिक प्रवेशाचा अर्ज कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, ३१ ऑक्टोबरपर्यंत जातो. मी तेवढीच तारीख वहीत लिहून ठेवली होती. कल-चाचणीची नोंदणी शाळेकडे वेगळी करायची असते आणि ती बरीच आधी बंद होते, हे कळलं तेव्हा थोरलीची संधी गेली होती. तिला किती वाईट वाटलं ते मी विसरलेले नाही. तुम्ही इयर फाइव्हच्या (मूल नऊ-दहा वर्षांचं असतं त्या इयत्तेच्या) उन्हाळ्यातच प्रत्येक शाळेचं प्रवेश धोरण उघडून वाचा.

धाकट्याच्या वेळी तसंच केलं. त्याची संगीताची चाचणी निव्वळ कानाची होती. दोन सुरांतला उंच कोणता, चाल कुठे बदलली, एका वेळी किती सूर वाजले, लय तीच आहे का. तो दोनच वर्षं तबला शिकला होता, तरी लयीचा भाग त्याला सोपा गेला. निकाल अर्जाच्या मुदतीआधी हाती आला, म्हणून ती शाळा पहिल्या पसंतीला लिहिता आली.