मल्चिंग हेड घेण्याआधी लोडरचा ऑइल फ्लो बघा

झाडझाडोरा साफ करायला कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर (रबरी पट्ट्यांवर चालणारं छोटं लोडर) निवडताना नुसत्या इंजिनाच्या एचपीवर जाऊ नका. मल्चिंग हेड म्हणजे लोडरच्या पुढे लावायचं, झाडझुडपांचा भुगा करणारं अवजार; त्याचा दातांचा ड्रम फिरवतं ते हायड्रॉलिक ऑइल. मिनिटाला मिळणारे लिटर गुणिले बारमधलं प्रेशर, भागिले 600, म्हणजे हेडपर्यंत पोचणारे किलोवॅट. साध्या फ्लोचं मशीन 85 लिटर, 210 बार देत असेल तर जेमतेम 30 किलोवॅट; हाय-फ्लोचं 130 लिटर, 230 बार म्हणजे 50 च्या आसपास. पहिलं झुडपांना पुरतं, पण जाड खोडात ड्रम अडत राहतो आणि ऑइल तापतं. हेड या आकड्यांना जुळणारंच घ्या.

दगडगोट्यांच्या जमिनीत कार्बाइडचे दात लावा. धारदार पाती भुगा बारीक करतात, पण दगड लागला की धार गेलीच. एखादा दात तुटला तर काम थांबवून बदला, नाहीतर ड्रमचा तोल जाऊन बेअरिंग खराब होतं.

केस ड्रेनचा बारीक होज (हेडच्या मोटरमध्ये झिरपलेलं ऑइल टाकीत परत नेणारा) सगळ्यात आधी जोडा. तो राहिला तर मोटरचं शाफ्ट सील फुटतं. आणि केबिनला उडणारे तुकडे अडवणारं जाड पॉलिकार्बोनेटचं (मजबूत पारदर्शक प्लास्टिकचं) दार नसेल तर ड्रम फिरवूच नका. माणसं, जनावरं किमान 100 मीटर लांब हवीत.