सीटखालचा सबवूफर आणि इंजिनबरोबर चढणारी शिट्टी

चादरींचे गठ्ठे डिकीत न्यावे लागतात, म्हणून अँप्लिफायर आतच असलेला चपटा सबवूफर (खालच्या, जड सुरांचा स्पीकर) गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली बसवला. डिकी पूर्ण मोकळी राहिली. पण स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. नॉइज फिल्टर लावला, आरसीए केबल (स्टिरिओचा आवाज सबवूफरपर्यंत नेणारी) बदलली, फरक शून्य. सोलापूर ते पंढरपूर ती शिट्टी ऐकत जाणं असह्य व्हायचं.

दोष अर्थिंगचा निघाला. सबवूफरची अर्थिंगची वायर, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची निगेटिव्ह, सीटच्या रंगवलेल्या बोल्टला आवळलेली होती; रंगामुळे पत्र्याशी नीट जोड होत नव्हता.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा, त्याला हात लावू नका. मग कार्पेट उचलून बॉडीतला तयार बोल्ट शोधा (नवं भोक पाडू नका, खालून इंधनाचा पाइप जात असू शकतो) आणि भोवतीचा रंग पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. पॉवरच्या वायरइतकीच जाड अर्थिंगची वायर, लांबी दीड फुटाच्या आत, टोकाला रिंग लग (बोल्टमध्ये बसणारी गोल कडी) लावून तिथे घट्ट आवळा. गंजू नये म्हणून वरून रंग मारा.

पॉवरची वायर डाव्या दाराच्या पट्टीखालून घ्या, आरसीए उजवीकडून. मुख्य फ्यूज बॅटरीजवळच हवा. शेवटी निगेटिव्ह जोडा.

सबवूफरभोवती दोन बोटं जागा सोडा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो फार तापतो.

शिट्टी पूर्ण थांबली.