रेल्वे थांबल्यावर सायकलने कामावर: टोकियोतील २०११ च्या भूकंपातून घ्यायची तयारी

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडे समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्यामागून आलेल्या त्सुनामीत तोहोकू प्रदेशातील गावेच्या गावे वाहून गेली. सुमारे सोळा हजार माणसे दगावली आणि अडीच हजारांहून अधिक माणसांचा आजवर ठावठिकाणा लागलेला नाही. भूकंपाच्या केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या टोकियोत त्या मानाने पडझड थोडी झाली, पण रेल्वे मात्र जागच्या जागी थांबली. जेआर या मोठ्या रेल्वे कंपनीने त्या दिवसापुरती राजधानीतील वाहतूक बंद ठेवत असल्याचे संध्याकाळीच जाहीर केले, भुयारी रेल्वेचे काही मार्ग रात्री हळूहळू सुरू झाले आणि सरकारी अंदाजानुसार राजधानी परिसरातील एक्कावन्न लाखांहून अधिक लोकांना त्या रात्री घर गाठता आले नाही. सायकलच्या दुकानांपुढे गर्दी लोटली. जी मिळेल ती सायकल, मिळेल त्या किमतीला घेऊन लोक कोट-टायसह घराकडे निघाले.

टोकियोच्या पूर्वेकडील निशी-कासाई, कासाई, फुनाबोरी या भागांत राहून शहराच्या मध्यभागी ओतेमाची, कायाबाचो किंवा निहोनबाशीला कामावर जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे टिपण लिहिले आहे. त्या रात्रीच्या सायकलखरेदीची आठवण आजही कौतुकाने सांगितली जाते. मला तो घाईचा निर्णय वाटतो. सायकलीचा खरा उपयोग झाला तो सोमवार, १४ मार्चपासून, जेव्हा विजेच्या टंचाईमुळे गाड्यांच्या फेऱ्या कमी झाल्या, फलाटांवर रांगा लागल्या आणि कामावर तर जायचेच होते. तेव्हा तयारी करायची ती त्या पुढच्या आठवड्यांसाठी, आणि ती शांतपणे, आधीच करायची.

पहिले तीन दिवस सायकलला हात लावू नये

मोठा भूकंप झाला की प्रत्येकाची पहिली ओढ घराकडे असते. नेमकी हीच ओढ आवरावी लागते. २०११ च्या अनुभवानंतर टोकियो महानगराने एक अध्यादेश केला आणि तो एप्रिल २०१३ पासून लागू आहे: कर्मचाऱ्यांनी एकदम घरी निघू नये आणि कंपन्यांनी त्यांना तीन दिवस पुरेल इतके पाणी व अन्न साठवून ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी आणि तीन जेवणे, असा हा हिशेब आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसांना वाचवण्याच्या दृष्टीने पहिले बहात्तर तास मोलाचे असतात आणि त्या काळात रस्ते रुग्णवाहिका व अग्निशमन दलासाठी मोकळे राहायला हवेत, हे यामागचे कारण आहे. सायकल लहान असली तरी हजारोंच्या संख्येने पुलावर आली की तीही वाट अडवते. शिवाय त्यानंतर येणाऱ्या धक्क्यांत उंच इमारतींच्या काचा आणि पाट्या खाली येतात. पायी चालणारा निदान वर पाहू शकतो, सायकलवाल्याची नजर रस्त्यावरच असते.

म्हणून आपल्या कचेरीतला साठा कोणत्या मजल्यावर, कोणत्या कपाटात आहे हे एकदा विचारून घ्यावे. शाकाहारी असाल तर त्या साठ्यातील बहुतेक डब्यांत मासळीचा अर्क असणार हे गृहीत धरावे आणि टेबलाच्या खालच्या खणात आपले भाजलेले पोहे, दाणे-गूळ, चिवडा ठेवून द्यावा. त्याच खणात जाड तळव्याचे बूट, विजेरी आणि घरच्या मंडळींचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. मुले शाळेत असतील तर पालक येईपर्यंत शाळा त्यांना सांभाळते. आई-बाबांपैकी ज्याची कचेरी जवळ त्याने मुलांना आणायचे, हे आधीच ठरलेले असले की दोघेही एकाच वेळी शहर ओलांडायला निघत नाहीत. २०११ मध्ये फोन लागत नव्हते, पण इंटरनेट बऱ्याच ठिकाणी चालू होते. १७१ या क्रमांकावर निरोप ठेवण्याची सोय आहे, ती घरातल्या प्रत्येकाला वापरता आली पाहिजे. पुण्या-नागपूरकडच्या नातेवाइकांसाठी एकच माणूस नेमावा. त्याला एक संदेश पाठवला की बाकीच्यांना कळवण्याचे काम त्याचे.

मार्ग आधी पायाखालचा करावा

निशी-कासाई ते ओतेमाची हे अंतर रस्त्याने सुमारे दहा-अकरा किलोमीटर आहे, म्हणजे सवय नसलेल्या माणसालाही तासाभरात, फार तर सव्वा तासात पार करता येते. अडचण अंतराची नाही, नद्यांची आहे. तोझाई या भुयारी रेल्वेमार्गाच्या गाडीत बसून आराकावा नदी ओलांडताना खिडकीतून जो रुंद पट्टा दिसतो तो सायकलवरून ओलांडायचा म्हणजे रेल्वेच्या जवळचा कियोसुना पूल किंवा त्याच्या उत्तरेकडचा कासाई पूल. दोन्ही लांबलचक आहेत, आणि मार्चमध्ये तिथे आडवा वारा असा लागतो की पुढच्या टोपलीत ठेवलेली लॅपटॉपची पिशवी हँडल एका बाजूला ओढू लागते. सामान मागच्या कॅरिअरवर बांधावे किंवा पाठीवर घ्यावे. पुलाच्या जोडांवर लोखंडी पट्ट्या असतात. भूकंपानंतर तिथे दोन-चार सेंटीमीटरची पायरी पडलेली असू शकते, म्हणून अशा जागी उतरून सायकल हातात धरून नेण्यात कमीपणा मानू नये.

पुढे कोतो विभाग सपाट आहे, पण त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथून एइताई रस्त्याने गेले की सुमिदा नदीवरचा एइताई पूल लागतो, आणि तो उतरल्यावर कायाबाचो, निहोनबाशी व ओतेमाची एका सरळ रेषेत येतात. हा मुख्य मार्ग झाला. याखेरीज एक दुसरा मार्गही पाठ असावा, कारण पूल तपासणीसाठी बंद होतात. दोन्ही मार्ग एखाद्या रविवारी सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर जाऊन पाहावेत. जाताना पाण्याचे नळ, शौचालये आणि ज्या दुकानांच्या दारावर घरी परतणाऱ्यांना मदत करण्याची पाटी चिकटवलेली आहे ती दुकाने लक्षात ठेवावीत. कोंबिनी (दिवसरात्र उघडी असणारी छोटी दुकाने) आणि पेट्रोल पंप अशी मदत देतात. नकाशा कागदावर काढून खिशात ठेवावा. मोबाइलची बॅटरी अशा दिवसांत घरच्यांशी बोलण्यासाठी राखून ठेवायची असते.

आराकावाच्या काठाचा सायकलमार्ग सुट्टीच्या दिवशी आपल्या सर्वांच्या आवडीचा असतो, आणि संकटात त्याच वाटेने जावे असे सहज मनात येते. तो रस्ता मुळात आपत्तीच्या वेळी मदतसामग्रीची वाहने नेण्यासाठी बांधलेला आहे, सायकली एरवी त्यावरून चालू दिल्या जातात इतकेच. शिवाय त्सुनामी नदीच्या मुखातून आत शिरते. इशारा लागू असेपर्यंत नदीकाठाला फिरकू नये आणि तो उठल्यानंतरही वाहतुकीच्या सूचना पाहूनच त्या वाटेला लागावे.

जे पूर्वेकडे उरायासूच्या बाजूला राहतात त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. २०११ मध्ये भराव टाकून केलेल्या तिथल्या जमिनीत वाळू आणि पाणी उसळून वर आले, मॅनहोल रस्त्यातून वर निघाले, विजेचे खांब कलले आणि अनेक घरांचे पाणी व सांडपाण्याची सोय बंद पडली. अशा रस्त्यावरचा चिखल वाळल्यावर त्याची बारीक, निसरडी पूड होते. तिच्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर सायकल हमखास घसरते. वेग आधीच कमी करावा, वळताना सायकल झुकवू नये आणि घरी आल्यावर साखळीतली वाळू ब्रशने काढून मगच तेल घालावे.

कोणती सायकल चालेल

बहुतेकांच्या घरी मुलांना आणण्या-नेण्यासाठी टोपलीवाली साधी सायकल असतेच. ती या कामाला पुरेशी आहे. तीन गिअर असले तर पुलाचा चढ सोपा जातो, आणि चाकाच्या तुंब्यात डायनॅमो असलेला दिवा असेल तर सेल किंवा चार्जिंगची काळजी उरत नाही. बॅटरीवर चालणारी सायकल मात्र याच कारणाने विचारपूर्वक निवडावी. १४ मार्च २०११ पासून दोन आठवडे वीज कंपनीने भागाभागांत आळीपाळीने वीज बंद ठेवली. टोकियोचे मधले विभाग त्यातून बहुतांशी सुटले तरी शेजारच्या चिबा, साइतामा आणि कानागावा प्रांतांत दिवे गेले की रस्त्यावरचे सिग्नलही बंद पडत. चार्ज संपल्यावर ही जड सायकल पुलावर ढकलणे शिक्षा वाटते.

या साध्या सायकलींची हवा आपोआप कमी होते, आणि दोष बहुतेक वेळा ट्यूबचा नसतो. तिच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची एक छोटी नळी असते. महाराष्ट्रात अॅटलस किंवा हर्क्युलस चालवलेल्यांना ती वालट्यूब म्हणून ओळखीची आहे. ती उन्हाने आणि काळाने कडक होते, चिरते आणि हवा धरत नाही. टोपी काढून नट फिरवावा, आतला दांडा बाहेर ओढून पाहावा आणि रबर चिकट किंवा फाटलेले दिसले तर नवे चढवावे. दुकानात ही नळी किरकोळ किमतीला मिळते. दोन-तीन जादा तुकडे, पंचरचे सामान, टायर उघडण्याच्या पट्ट्या आणि छोटा पंप एका पिशवीत घालून सीटखाली बांधून ठेवावा. भूकंपानंतर रस्त्यावर काचा असतात आणि दुकानदारालाही त्याचे घर सावरायचे असते.

नियम आणि कचेरीची परवानगी

संकटकाळात नियम शिथिल होतात असे कुणी समजू नये. सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने चालवायची. पदपथावर जाण्याची मुभा पाटी असेल तिथे, किंवा रस्ता खरोखर धोक्याचा असेल तेव्हाच, आणि तीही सावकाश, पायी चालणाऱ्यांना आधी जाऊ देऊन. टोकियोत एप्रिल २०२० पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे, आणि एप्रिल २०२३ पासून हेल्मेट घालण्याचा प्रयत्न प्रत्येकाने करावा असे कायदा म्हणतो. एप्रिल २०२६ पासून सायकलस्वारांनाही जागेवर दंडाची पावती मिळते. हातात मोबाइल धरून चालवल्यास दंड बारा हजार येन आहे. सायकलची चोरीविरोधी नोंदणी आपल्या नावावर आहे ना, हेही पाहावे. मायदेशी परतलेल्या मित्राकडून घेतलेली सायकल अजून त्याच्याच नावावर असते आणि पोलिसाने थांबवले की खुलासे करत बसावे लागते.

कंपनीला न कळवता सायकलने जाऊ लागणे टाळावे. रेल्वे पासचा भत्ता घेत असताना रोज सायकलने जाणे हा गैरसमजाचा विषय होऊ शकतो. येण्या-जाण्यातील अपघाताला कामगार विम्याचे संरक्षण सर्वसाधारणपणे मिळते, पण मार्ग वाजवी असावा लागतो. अनेक कंपन्या लेखी परवानगी, विम्याची प्रत आणि सायकल कुठे ठेवणार याची माहिती मागतात. हा अर्ज शांततेच्या काळातच देऊन ठेवावा. ओतेमाचीसारख्या ठिकाणी पदपथावर लावलेली सायकल प्रशासनाकडून उचलून नेली जाते, म्हणून पैसे देऊन ठेवण्याची जागा आधी शोधावी लागते.

कामावर पोहोचल्यावर

त्या मार्चमध्ये पुष्कळ परदेशी कुटुंबे काही आठवड्यांसाठी मायदेशी गेली, त्यांत भारतीयही बरेच होते. फुकुशिमाच्या अणुप्रकल्पाच्या बातम्या येत होत्या, टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रातील पाण्यात किरणोत्सारी आयोडीन आढळल्याने तान्ह्या बाळांना नळाचे पाणी देऊ नये असे सांगितले गेले, आणि घरी आई-वडील फोनवर रडत होते. जाणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पण जायचे असेल तर वरिष्ठांना प्रत्यक्ष सांगून, काम सोपवून आणि परतण्याची तारीख कळवून जावे. न सांगता गेलेल्यांबद्दलची नाराजी कचेऱ्यांत बराच काळ टिकली.

राहणाऱ्याने सहकाऱ्यांशी बोलताना मोजके बोलावे. टोकियोत काम करणाऱ्या अनेकांचे माहेर किंवा आजोळ तोहोकूतील मियागी, इवाते, फुकुशिमा या प्रांतांकडे असते. “तुमच्या घरची मंडळी सुखरूप आहेत ना?” एवढे विचारून पुढचे त्यांच्यावर सोडावे. आपण सायकलने कसे आलो याचे रसभरीत वर्णन पहिल्या आठवड्यात तरी करू नये, आणि शहरातल्या पडक्या भिंतींची छायाचित्रे समूहावर टाकू नयेत.

त्या वसंतात सगळीकडे संयमाचे वातावरण होते आणि चेरीच्या फुलांखालचे मेळावेही रद्द होत होते. इवातेतील साके (तांदळाचे मद्य) बनवणाऱ्यांनी मात्र लोकांनी फुले पाहायला जावे, आमची साके प्यावी, असे उलट आवाहन केले. रविवारची सायकलफेरी सोडून द्यावी का, हा प्रश्न मलाही पडत असे. माझ्या मते ती चालू ठेवावी, फक्त गट लहान असावा आणि वाटेत निहोनबाशी-गिन्झा परिसरातील तोहोकूच्या प्रांतांच्या दुकानांतून काही खरेदी करावी. मदतीसाठी परस्पर तिकडे निघू नये. स्थानिक स्वयंसेवक केंद्रात नाव नोंदवून, राहण्या-जेवणाची स्वतःची सोय असेल तरच जावे.

टंचाई लवकर संपत नाही. २०११ च्या जुलैपासून मोठ्या वीजग्राहकांना पंधरा टक्के वीज कमी वापरणे बंधनकारक होते, आणि कचेऱ्यांत वातानुकूलन २८ अंशांवर ठेवले जाई. अशा उन्हाळ्यात अकरा किलोमीटर सायकल चालवून आलेल्या माणसाला थंड हवेची आशा धरता येत नाही. सकाळी साडेसहाच्या आत निघावे, सदरा पिशवीत गुंडाळून आणावा, ओला टॉवेल वेगळ्या डब्यात ठेवावा आणि सोबतच्या दोन बाटल्यांपैकी एकीत लिंबू, मीठ व साखर घातलेले सरबत असावे. मार्चमध्ये याउलट थंडी असते आणि सीडरच्या परागकणांमुळे डोळे चुरचुरतात; तेव्हा मास्क आणि चष्मा हवा.

रेल्वे पूर्ववत झाली की बहुतेक सायकली इमारतीखाली धूळ खात पडतात. १ सप्टेंबर हा १९२३ च्या कांतो भूकंपाचा स्मृतिदिन जपानमध्ये आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आणि ११ मार्चला सीटखालची पिशवी उघडावी, वालट्यूब बदलावी, ब्रेकची रबरे पाहावीत, विम्याची मुदत तपासावी, कचेरीच्या खणातला चिवडा ताजा ठेवावा आणि एकदा पूल ओलांडून परत यावे.