प्रोब फसल्यावर मागे काय उरते: कर्नल ड्रायव्हरमधील सफाईच्या आणि लॉकच्या या चुका टाळा

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, राहून एखादे उपकरण चालवणाऱ्या डिव्हाइस ड्रायव्हरची चाचणी बहुधा अशा टेबलावर होते, जिथे वीज स्थिर असते, सेन्सरची वायर घट्ट बसलेली असते आणि मेमरी मुबलक असते. तोच बोर्ड जालना किंवा बीड जिल्ह्यातील एखाद्या बोअरवेलच्या पंपपेटीत बसवला की परिस्थिती पालटते. थ्री-फेज वीज पाळीने येते, येताना व्होल्टेज वरखाली होते, प्रोसेसर सुरू होतो पण सेन्सरचा पुरवठा अजून सावरलेला नसतो, आणि डिव्हाइस सुरू करून देणारे ड्रायव्हरचे ‘प्रोब’ फंक्शन अर्ध्यावर फसते. अशा ठिकाणी एरर पाथ, म्हणजे पायरी फसल्यावर चालणारा कोड, हा क्वचित लागणारा आडमार्ग राहत नाही. तो रोजच्या वापरातला रस्ता होतो.

भारनियमनाचा प्रश्न नसलेल्या ठिकाणीही हे खरे आहे. ज्या क्लॉकवर (घड्याळ-संकेतावर) किंवा रेग्युलेटरवर (वीजपुरवठा नियंत्रकावर) ड्रायव्हर अवलंबून असतो, त्याचा स्वतःचा ड्रायव्हर अजून आलेला नसेल तर प्रोबला ‘ई-प्रोब-डिफर’, म्हणजे उणे ५१७, हा कोड मिळतो. कर्नल ते डिव्हाइस बाजूला ठेवतो आणि दुसरा एखादा ड्रायव्हर यशस्वीपणे जोडला गेला की पुन्हा प्रोब करून पाहतो. एकाच बूटमध्ये असे अनेकदा घडू शकते, आणि एरर पाथमध्ये एक क्लॉक बंद करायचे राहिले असेल तर प्रत्येक प्रयत्नागणिक त्या क्लॉकचा एनेबल काउंट (कितीदा चालू केले याची मोजणी) एकाने वाढतो. डीबगएफएस या तपासणीच्या फाइलव्यवस्थेतील ‘क्लॉक समरी’ उघडून हा आकडा प्रोबच्या आधी आणि नंतर पाहावा. रेग्युलेटरच्या बाबतीत कर्नल अधिक बोलका आहे. चालू असलेला रेग्युलेटर परत केला की तो लॉगमध्ये इशारा छापतो, मात्र तो इशारा वाचण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

सफाईचा मूळ नियम सोपा आहे: जे शेवटी घेतले ते आधी सोडावे. उतरंड उतरवताना वरचे मडके आधी काढतात, तसेच. कर्नलची कोडिंग शैली यासाठी ‘गोटू’ (लेबल लावलेल्या ओळीवर थेट उडी) वापरण्यास स्पष्ट मुभा देते आणि लेबलचे नाव तिथे काय सोडले जाते यावरून ठेवावे असे सुचवते. ‘एरर-१’, ‘एरर-२’ अशी नावे ठेवली की मध्ये एक नवी पायरी घालताना क्रमांक सरकतात आणि एखादी उडी चुकीच्या ठिकाणी जाऊन पडते. ‘एरर-डिसेबल-क्लॉक’ असे नाव असेल तर वाचणाऱ्याला उडी योग्य आहे की नाही हे वर न जाता कळते. सर्व काम एकाच ‘एरर’ लेबलखाली आटोपण्याची पद्धत मला विशेष धोक्याची वाटते, कारण तिथे न घेतलेली गोष्टही सोडली जाते. शून्य पॉइंटरवर मेमरी मोकळी करणारे ‘के_फ्री’ चालते, पण कधी चालूच न केलेले क्लॉक बंद केले तर त्याचा काउंट बिघडतो.

याच जागी दुसरी, अधिक फसवी चूक दडलेली असते. पायरी फसली, कोड लेबलवर गेला, सफाई नीट झाली, परंतु परत द्यायचा कोड ठेवणाऱ्या ‘रेट’ या चलात आधीच्या यशस्वी पायरीचा शून्य तसाच राहिला. कर्नलच्या दृष्टीने प्रोब यशस्वी झाले, प्रत्यक्षात मात्र डिव्हाइसची साधने केव्हाच सोडून दिली गेली आहेत. पुढे कोणी सिसएफएसमधील (डिव्हाइसची माहिती दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेतील) फाइल वाचली की मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागतो. ‘स्मॅच’ हे स्टॅटिक तपासणी साधन अशा जागा बऱ्यापैकी पकडते. त्याच्या जवळची चूक म्हणजे इंटरप्टचा (हार्डवेअरच्या तातडीच्या हाकेचा) क्रमांक देणाऱ्या ‘प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू’चे उत्तर अनसाइन्ड, म्हणजे ऋण संख्या न धरणाऱ्या, चलात ठेवून ते शून्यापेक्षा लहान आहे का हे तपासणे, ती अट कधीच खरी होत नाही. डिव्हाइसची रजिस्टरे कोडला वाचता येतील अशी जोडणारे ‘आयओरीमॅप’ फसल्यावर नल, म्हणजे शून्य पॉइंटर, देते, तर ‘डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स’ एरर पॉइंटर, म्हणजे पॉइंटरच्या रूपात एरर कोड, देते. एकाची तपासणी दुसऱ्याला लावली तर कोड कंपाइल होतो, टेबलावर चालतो आणि शेतात पडतो.

काही फंक्शने फसल्यावरही काहीतरी हातात ठेवून जातात, आणि सर्वाधिक गोंधळ त्यांच्यामुळे होतो. झोपलेल्या डिव्हाइसला जागे करणारे ‘पीएम_रनटाइम_गेट_सिंक’ अपयशी ठरले तरी वापराचा काउंट वाढवून ठेवते. म्हणून लगेच परत फिरणारा कोड डिव्हाइसला कायम जागे ठेवतो. २०२० मध्ये आलेले ‘पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट’ अपयशात तो काउंट स्वतःच परत घेते. मात्र जुने फंक्शन काढून नवे घालताना एरर पाथमधील जुना ‘पुट’ तसाच राहिला, तर काउंट एकाऐवजी दोनदा कमी होतो. ‘डिव्हाइस_रजिस्टर’चेही तसेच आहे: ते फसले तरी संदर्भ-गणना (किती जण वापरत आहेत याची मोजणी) सुरू झालेली असते, त्यामुळे तिथे ‘के_फ्री’ न करता ‘पुट_डिव्हाइस’च करावे लागते. डिव्हाइस ट्रीतील (बोर्डवरील हार्डवेअरच्या वर्णनातील) उपनोडांवरून फिरणाऱ्या लूपमधून ‘ब्रेक’ किंवा ‘रिटर्न’ने मध्येच बाहेर पडल्यास हातातील नोडचा संदर्भ ‘ओएफ_नोड_पुट’ने सोडावा लागतो, लूप पूर्ण झाल्यास ते आपोआप होते.

घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारी, ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शने २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीसोबत आली आणि सफाईचे बरेच ओझे कमी झाले. पण अर्धे डेव्हएम आणि अर्धे हाताने असा मेळ घातला की क्रम बिघडतो. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी डिव्हाइस काढताना चालणारे ‘रिमूव्ह’ फंक्शन संपल्यानंतर सोडल्या जातात. इंटरप्ट डेव्हएमने मागितला, बफर मात्र रिमूव्हमध्ये हाताने मोकळा केला, तर मधल्या काळात आलेला इंटरप्ट मोकळ्या झालेल्या बफरला हात लावतो. प्रोब अर्ध्यावर फसतानाही नेमके हेच घडते. उपाय असा की एकदा हाताने सोडायची गोष्ट आली की तिच्यापुढचे काहीही डेव्हएमने घेऊ नये, किंवा त्या गोष्टीलाच ‘डेव्हएम_अॅड_अॅक्शन_ऑर_रिसेट’ने रांगेत बसवावे. आणि इंटरप्ट मागताच तो येऊ शकतो हे गृहीत धरून त्याच्या हँडलरला लागणारे लॉक, बफर आणि वर्क (मागाहून करायचे काम) आधीच तयार ठेवावेत.

आता लॉककडे, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाकडे, वळू. एरर पाथमधील सर्वांत सामान्य चूक म्हणजे लॉक हातात असताना थेट ‘रिटर्न’ करणे. सेन्सरने उत्तर दिले नाही, फंक्शन उणे पाच हा एरर कोड देऊन बाहेर पडले आणि म्युटेक्स (ज्याची झोपून वाट पाहता येते असा लॉक) तसाच लागलेला राहिला. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. पुढची प्रक्रिया तोच म्युटेक्स मागते आणि अडकून पडते. बहुतेक वितरणांतील नेहमीच्या मांडणीप्रमाणे १२० सेकंदांनी लॉगमध्ये अडकलेल्या टास्कचा संदेश येतो. हा संदेश मुख्यतः बळीचे नाव सांगतो, अपराध्याचे नव्हे. म्हणून त्यातील स्टॅक पाहून तिथेच दुरुस्ती करू नये. तो म्युटेक्स कोणकोणत्या फंक्शनमध्ये घेतला जातो ते शोधून प्रत्येकातील सर्व ‘रिटर्न’ तपासावेत. २००६ पासून कर्नलमध्ये असलेला ‘लॉकडेप’ हा लॉकतपासनीस चालू ठेवला असेल तर लॉक हातात घेऊन यूजरस्पेसकडे (सामान्य प्रोग्रामच्या बाजूकडे) परतणाऱ्या टास्कबद्दल तो तिथल्या तिथे तक्रार करतो.

स्पिनलॉकच्या, म्हणजे न झोपता घिरट्या घालत वाट पाहायला लावणाऱ्या लॉकच्या, आत झोपू शकणारे काम करणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. ‘जीएफपी_कर्नल’ने मेमरी मागणे, ‘कॉपी_टू_यूजर’ करणे, आयटूसी या बसवरून सेन्सरशी व्यवहार करणे, हे सर्व तिथे वर्ज्य आहे. मेमरी मुबलक असताना ते बहुधा निभावून जाते, म्हणून ‘डीबग_अॅटॉमिक_स्लीप’ हा पर्याय विकासाच्या कर्नलमध्ये चालू असावाच. तसेच जो स्पिनलॉक इंटरप्ट हँडलरही घेतो, तो साध्या ‘स्पिन_लॉक’ने घेतला आणि त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, तर हँडलर कायमचा घिरट्या घालतो, तिथे ‘आयआरक्यू-सेव्ह’ प्रकारच हवा.

डिव्हाइस काढताना होणारी अडवणूक ओळखायला कठीण असते. ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ चालू असलेले वर्क संपेपर्यंत थांबते. ते वर्क जो म्युटेक्स मागत आहे तो आपणच धरून ठेवला असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. इंटरप्ट परत करणारे ‘फ्री_आयआरक्यू’ आणि वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा थ्रेडेड हँडलर यांच्यातही असेच होते. थांबवणारी फंक्शने लॉक सोडल्यावरच बोलवावीत, आणि वर्क कुठूनही पुन्हा रांगेत लावले जाणार नाही याची सोय आधी करावी.

२०२३ मध्ये ६.५ या आवृत्तीत आलेल्या ‘गार्ड’ आणि ‘फ्री’ या सोयींमुळे चलाची कक्षा (स्कोप) संपताच लॉक आपोआप सुटतो आणि मेमरी मोकळी होते. ही सोय चांगली आहे, पण एकाच फंक्शनमध्ये ती आणि ‘गोटू’ एकत्र आणू नयेत. गार्डवरून उडी मारणारा गोटू क्लँग हा कंपायलर अडवतो, जीसीसी हा कंपायलर बहुधा गप्प राहतो. शिवाय सफाई घोषणेच्या उलट क्रमाने होते. सवयीने सर्व चल वर शून्य करून ठेवले आणि गार्ड खाली घेतला, तर लॉक आधी सुटतो आणि मेमरी नंतर मोकळी होते, जे नेमके नको असू शकते. चल जिथे मेमरी मिळते तिथेच घोषित करावा.

चाचणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. सेन्सरची वायर काढून प्रोब करावे, सिसएफएसमधील ‘बाइंड’ आणि ‘अनबाइंड’ आलटून-पालटून चालवावेत, ‘फेलस्लॅब’ने मेमरीची मागणी मुद्दाम फसवावी. ‘डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह’ हा पर्याय तर प्रत्येक ड्रायव्हर जोडून, काढून, पुन्हा जोडतो. सोबत ‘केमेमलीक’ आणि ‘केएसॅन’ चालू असले की गळती आणि मोकळ्या मेमरीचा वापर दोन्ही उघडे पडतात. नांदेड-लातूरकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे सर्व क्यूईएमयू या आभासी यंत्रावर, स्वतःच्या लॅपटॉपवर करता येते, आणि कर्नलला पहिला पॅच (बदलाचा प्रस्ताव) पाठवण्यासाठी हा विषय उत्तम आहे. मात्र साधनाने दाखवलेला इशारा जसाच्या तसा पॅचमध्ये उतरवू नये. साधनाला न दिसणारा मालक दुसऱ्या फाइलमध्ये असतो आणि ‘दुरुस्ती’नंतर तीच मेमरी दोनदा मोकळी होते.

पॅचमध्ये एकच दोष दुरुस्त करावा. गोटूचे रूपांतर गार्डमध्ये करणे हे वेगळे काम आहे. ते दुरुस्तीत मिसळले तर ही सोय नसलेल्या जुन्या स्थिर आवृत्त्यांत दुरुस्ती नेता येत नाही. दोष ज्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) आणला त्याच्या ओळखीची पहिली १२ अक्षरे आणि शीर्षक ‘फिक्सेस’ या ओळीत लिहावे, कोणत्या पायरीच्या अपयशाने काय शिल्लक राहत होते ते संदेशात सांगावे, आणि पॅच प्रत्यक्ष हार्डवेअरवर चालवला की फक्त कंपाइल केला हे स्पष्ट नोंदवावे.